वळिवडे, जिल्हा पोलंड

तर झालं असं, की लेकीच्या शाळेचा ऑनलाइन फॉर्म भरत बसलो होतो. नाव, जन्मतारीख, रक्तगट सगळं भराभर उरकलं आणि ‘मूळ गाव’ या रकान्यापाशी येऊन बोटं थांबली. रकाना सक्तीचा, शेजारी लाल चांदणी. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही. (ज्या कुणी तो फॉर्म बनवला असेल त्याला व्यवसायबंधू म्हणून नमस्कार. मीसुद्धा अशा कितीतरी चांदण्या लोकांच्या माथी मारल्यात.)

मी वाढलो बारामती एमआयडीसीत. पण एमआयडीसी हे काय कुणाचं मूळ गाव असतं का? तिथे आधी नकाशा आला, मग रस्ते, मग प्लॉटचे नंबर आणि सगळ्यात शेवटी माणसं. कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी थेट बिहारचं. पियाज्जोच्या तीनचाकी तिथे बनायला लागल्या तेव्हा आसपास सुटे भाग करणारी वर्कशॉपं उभी राहिली, त्यातल्या एकात आमचे अण्णा वेल्डर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन यंदा निवृत्त झाले. गावचं म्हणाल तर आम्ही पळसदेवचे, तालुका इंदापूर. पण पळसदेव लिहिलं की आजी म्हणणार, कुठलं पळसदेव? पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला आहे ते नवं. जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवरच्या धरणाचं काम १९६९ला सुरू झालं, १९८०ला संपलं, आणि त्या दहा-अकरा वर्षांत कधीतरी आमची सगळी वस्ती भांडीकुंडी बैलगाडीत घालून वर सरकली. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे असतील.

सध्या घरात हाच विषय आहे. नव्या गावठाणातलं पुनर्वसनात मिळालेलं घर अण्णांना विकायचंय आणि ते पैसे पुण्यात आमच्या जवळपासच्या फ्लॅटमध्ये घालायचेत. कागदावर आजीचं नाव आहे, तेव्हा सही तिची लागणार. विचारायचं कुणी यावर माझी आणि अण्णांची दोन महिने टोलवाटोलवी चालली होती. शेवटचं घर, शेवटची खूण, म्हातारी मोडून पडेल वगैरे वगैरे.

हे सगळं डोक्यात असताना आमच्या टीममधल्या एका पोलिश सहकारीणीचा मेसेज आला. ती बसते व्रॉत्सवाफला. (या शहराच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बघून मी दोन वर्षं ‘रोक्लॉ’ म्हणत होतो. तिने एकदाही दुरुस्त केलं नाही, पोलिश लोक फार सोशिक :-) ) तिने विचारलं, तुझं घर कोल्हापूरपासून किती लांब? मी म्हटलं, चार-साडेचार तास, का गं? तर म्हणे, माझी बाब्चा तिथे शाळेत होती. बाब्चा म्हणजे आजी.

मला आधी वाटलं कोल्हापूर नावाचं दुसरं काहीतरी असेल. पण सोबत फोटो होता. कौलारू, बैठी, लांबलचक चाळ. पुढे ओटा, ओट्याशी केळीचं रोप, आणि त्यापुढे दोन वेण्या घातलेली दहा-बारा वर्षांची गोरी पोरगी डोळे बारीक करून उन्हात उभी. मागे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला. वळिवडे.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आम्हाला माहीत आहे, पेपरात येऊन गेलंय. मलाही इतपत माहीत होतं, की दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ पोलिश निर्वासितांची छावणी होती. पण ‘छावणी’ शब्दाने डोळ्यापुढे तंबू येतात, रांगा आणि वाडगी येतात. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात होतं ते एक पोलिश गाव होतं. सुमारे पाच हजार वस्तीचं, पंचगंगेच्या काठचं, कोल्हापूर-मिरज रेल्वेलाइनवरचं पोलंडमधलं एक लहानसं गाव. फक्त ते पोलंडमध्ये नव्हतं.

ही माणसं इथवर आली कशी, हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

१ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला हे आपण शाळेत शिकलो. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून शिरलं, हे आपल्या पुस्तकात एका ओळीत उरकतं. त्या पूर्व भागात ल्वुफ, विल्नो, पिन्स्क, वोलिन अशी गावं आणि प्रांत होते. पोलिश, युक्रेनी, बेलारुसी, ज्यू अशी सरमिसळ वस्ती होती. सोव्हिएत राजवटीने तिथले ‘धोक्याचे’ लोक वेचून मालगाड्यांत भरले आणि सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानकडे पाठवून दिले. पहिली मोठी खेप १० फेब्रुवारी १९४०ची, ऐन थंडीतली. तिच्यात जमीन मिळालेले माजी सैनिक आणि जंगलखात्याचे लोक बायकापोरांसकट होते. सहकारीणीचे पणजोबा जंगलखात्यातच होते. ल्वुफजवळच्या गावातून त्यांना उचललं तेव्हा बाब्चा सात वर्षांची होती. आवरायला अर्धा तास दिला होता म्हणे. तिच्या आईने शिवणयंत्र घेतलं. नवरा म्हणाला, हे कशाला? पुढे सैबेरियात त्या यंत्रानेच पोटाला घातलं.

मग जून १९४१मध्ये हिटलर स्टालिनवर उलटला आणि सगळं फिरलं. लंडनमधलं पोलिश परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात ३० जुलै १९४१ला करार झाला. अडकवून ठेवलेल्या पोलिश लोकांना ‘माफी’ मिळाली (गुन्हा काय होता ते विचारू नका) आणि जनरल अँडर्सच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहायला लागलं. बातमी कळेल तसे लोक दक्षिणेकडे निघाले. टायफॉइड, आमांश, उपासमार. १९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये लाखावर माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष सैन्यात गेले. उरलेल्या बायका, पोरं, म्हातारी, अनाथ यांचं करायचं काय? इराणमध्ये कायम ठेवणं शक्य नव्हतं. मग काही पूर्व आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, सातशेवर पोरं न्यूझीलंडला. आणि काही कराचीमार्गे आपल्याकडे.

आपल्याकडची पहिली प्रसिद्ध जागा म्हणजे जामनगरजवळचं बालाचडी. तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२पासून अनाथ पोरांना आसरा दिला. वॉर्सात आज त्यांच्या नावाचा चौक आहे, ‘भल्या महाराजांचा चौक’. क्षयाने किंवा अशक्तपणाने आजारी असलेल्यांसाठी पाचगणीला सोय केली होती. पण भारतातली सगळ्यात मोठी वसाहत आपली वळिवड्याची.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. वळिवड्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बालाचडीच्याच चालीवर: दयाळू राजा आणि पोरकी पोरं. कोल्हापूरचं ऋण पोलिश लोक मानतात, मनापासून मानतात. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०१७ला उभारलेलं, आणि ऑगस्ट २०२४मध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले तेव्हा त्यांनी या दोन्ही ठिकाणी फुलं वाहिली. ते सगळं ठीकच. पण १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? राजाराम महाराज १९४०ला गेले होते आणि दत्तक घेतलेले नवे छत्रपती शिवाजी दोन वर्षांचेही नव्हते. महाराणी ताराबाई आणि संस्थानचा कारभारी वर्ग राज्य चालवत होता. जागा संस्थानातली, बांधकाम आणि व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली, आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर. म्हणजे वळिवडे घडलं ते फायलींतून, पत्रव्यवहारातून, कंत्राटांतून. मला तर ते जास्त भावतं. एका माणसाच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगायला सोपी जाते. पाच हजार माणसांना रोज पाणी, दूध, सरपण, औषधं मिळावीत म्हणून कुणीतरी अज्ञात हेडक्लार्कने पाच वर्षं हिशेब लिहिले, त्याचा पुतळा कोण उभारणार? (आमच्या धंद्यात त्याला सपोर्ट टीम म्हणतात. त्यांच्याही नावाने केक कापत नाहीत.)

तर ते गाव.

बैठ्या चाळींच्या सरळ रांगा. प्रत्येक चाळीत कुटुंबाकुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा, पुढे ओटा. कौलं आपली, भिंतींना चटया. बायकांनी आल्या आल्या काय केलं असेल, तर पुढे बागा लावल्या आणि आतल्या भिंतींवर भरतकामाची कापडं टांगली. चर्च झालं, दवाखाना झाला. बालवाड्या, प्राथमिक शाळा, वरच्या वर्गांची शाळा, हातकामाचे वर्ग. शिकवणं पोलिशमध्ये, अभ्यासक्रम पोलिश. अनाथ मुलांचं वसतिगृह. नाटकाची रंगभूमी, सिनेमा, दुकानं. स्काउटची पथकं तर इतकी जोरात होती, की बाब्चा आजही वळिवड्याचं नाव काढलं की आधी शेकोटी आणि गाणी सांगते, शाळा नंतर. बाजाराला स्थानिक लोक येत. बाब्चाच्या आठवणीत एक भाजीवाला आहे, तो भाव पोलिशमध्ये सांगायचा आणि कमी करायला सांगितलं की एकदम मराठीत बोलायला लागायचा :-)

तिला अजून काही मराठी शब्द येतात. पाणी, केळी, दूध, चल चल, आणि ‘विंचू’. विंचू हा शब्द तिला सगळ्यात पक्का येतो.

मला यात सारखं एमआयडीसीचं घर दिसत होतं. तीच सरळ आखणी, तेच नंबरावरून पत्ते, सगळे बाहेरून आलेले. आमच्या गल्लीतही पहिली दहा वर्षं सगळे ‘काही दिवसांपुरते’ राहत होते. फरक इतकाच, की आम्ही त्या नादात कित्येक वर्षं साधं फुलझाडही लावलं नाही. कशाला, आपलं थोडंच आहे, असं अण्णा म्हणायचे. वळिवड्याच्या लोकांनाही आपण जाणार हे माहीत होतं. युद्ध संपलं की घरी. तरी त्यांनी नाटकं बसवली, परीक्षा घेतल्या, निकाल लावले. कदाचित घरी परत जायचंय म्हणूनच. मुलं परत जातील तेव्हा त्यांचं वर्ष बुडायला नको.

पण घर कुठे होतं?

नकाशाचा हा भाग मला सहकारीणीने व्हाइटबोर्डवर काढून दाखवला. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड आणि रशिया यांच्यात सरहद्द कुठे असावी म्हणून एक रेघ सुचवली गेली. १९२०ला ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याच्या नावावरून तिला कर्झन रेषा म्हणायला लागले. हो, तेच कर्झन. १९०५ला बंगालची फाळणी करणारे आपले व्हाइसरॉय! तेव्हा ती रेघ कुणी मानली नाही, पोलंडची सरहद्द तिच्या बरीच पूर्वेला गेली. पण ती फायलीत राहिली. १९४३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन भेटले तेव्हा ती बाहेर निघाली. कुठे भेटले? तेहरानला. वर्षभरापूर्वी ज्या शहरात ही माणसं आजारी, उपाशी पोचली होती, त्याच शहरात. इकडे वळिवड्याला पहिला नाताळ येत होता, बायका घरं लावत होत्या, आणि तिकडे ठरत होतं की यांची गावं आता पोलंडमध्ये राहणार नाहीत. फेब्रुवारी १९४५ला याल्टामध्ये ते पक्कं झालं.

पोलंड हा देशच उचलून पश्चिमेकडे सरकवला गेला. पूर्वेचं ल्वुफ गेलं, ते आज युक्रेनमधलं ल्विव्ह. विल्नो म्हणजे लिथुआनियाची राजधानी विल्निअस, पिन्स्क बेलारुसमध्ये. त्याच्या बदल्यात पश्चिमेला जर्मनीचा मुलूख मिळाला. तिथलं ब्रेसलाउ रिकामं करून त्याचं व्रॉत्सवाफ झालं आणि पूर्वेकडून हुसकलेले पोलिश लोक जर्मन लोकांनी सोडलेल्या घरांत राहायला आले. माझी सहकारीण आज ज्या शहरात बसून माझा कोड तपासते, ते असं झालेलं आहे.

आणि या सगळ्या काळात वळिवड्यातले बाप-भाऊ कुठे होते? इटलीत लढत होते. अँडर्सच्या सैन्याने मे १९४४मध्ये मॉन्ते कॅसिनो घेतलं. ज्या आठव्या सैन्यात ते होते, त्यातच आपली मराठा पलटणही होती. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४च्या इटलीतल्याच लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. त्या सेनिओच्या आघाडीवर पोलिश तुकड्याही होत्या. म्हणजे बाब्चाचे वडील इटलीत मराठी माणसांशेजारी लढत होते आणि बाब्चा करवीर तालुक्यात मराठी भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. दोघांनाही एकमेकांचं हे माहीत नसणार.

जुलै १९४५मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातलं साम्यवादी सरकार मान्य केलं. वळिवड्याचा खर्च ज्या सरकारच्या नावावर होता ते सरकारच राहिलं नाही. तरी शाळा चालू होत्या. मग एकेक करून पांगापांग. १९४७ला ब्रिटनने पोलिश सैनिकांना वसवण्याचा कायदा केला, त्यांच्या बायकामुलांनी इंग्लंड गाठलं. कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत गेलं, कुणी पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा. थोडे पोलंडला परतले, म्हणजे नव्या पोलंडला. बाब्चाची आई त्या थोड्यांत होती. ल्वुफचे नातेवाईक व्रॉत्सवाफला आलेत असं कळलं, म्हणून शिवणयंत्र घेऊन तीही तिथेच गेली.

तर सहकारीणीचं म्हणणं एवढंच होतं, की जमलं तर तिथले दोन फोटो काढून पाठव. बाब्चा ब्याण्णव वर्षांची आहे. ती विचारते, स्टेशन अजून आहे का.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी मी आणि अण्णा निघालो. फलटण, आदर्की, वाठार स्टेशन करत साताऱ्याला हायवे लागला. अण्णा एरवी गाडीत बोलत नाहीत. कराडच्या पुढे अचानक म्हणाले, “त्या लोकांना परत जाता आलं नाही, तरी जमिनीचे पैसे मिळाले का?” मी म्हटलं, माहीत नाही. पुनर्वसनाच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

वळिवड्याला आज गेलात, तर तुम्हाला पोलंड दिसणार नाही. दिसेल गांधीनगर. पोलिश लोक गेल्यावर ती जागा रिकामी राहिलीच नाही. फाळणीत सिंध सबंधच्या सबंध पाकिस्तानात गेला आणि तिथून आलेल्या सिंधी कुटुंबांना याच वसाहतीत आणून वसवलं. एका रेषेमुळे बेघर झालेली माणसं उठली आणि दुसऱ्या फाळणीतली त्याच ओट्यांवर येऊन बसली. आणि ती गेली नाहीत. गांधीनगर आता कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला कुठून कुठून लोक येतात, शनिवारी तर गाडी लावायला जागा नाही. मी फोटोतली चाळ शोधत फिरलो, मला दिसली ती दुकानं, गोदामं, गठ्ठे आणि टेम्पो.

एका दुकानात विचारलं. काउंटरवरचे काका सिंधी, पण बोलणं अस्सल कोल्हापुरी. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ बघितला.

“आमचं घर असंच होतं बघा की,” ते म्हणाले. “वडलांनी पाडून हे बांधलं. लहानपणी भिंतीत खिळा मारताना आतून गोऱ्यांचं काहीबाही निघतंय का बघायचो आम्ही.”

“निघालं का काही?”

“छे ओ! पण आई म्हणायची, इथल्या बाईनं केळ लावून ठेवली होती. आम्ही आलो तेव्हा घड धरलेला होता.”

मग त्यांनी चहा मागवला आणि उलट मलाच विचारलं, पाव्हणं कुठलं? मी बारामती म्हणून मोकळा झालो. काकांचं मूळ गाव सक्करजवळचं. बघितलेलं नाही. बघायचं आहे का विचारलं तर म्हणाले, आता व्हिसा कोण देतंय, आणि दिवाळीच्या सीझनमध्ये दुकान कोण बघणार!

स्टेशन आहे. छोटंसं, पिवळ्या पाटीचं, वळिवडे लिहिलेलं. मी पाटीचा फोटो काढला. सप्टेंबर २०१९मध्ये इथे स्मारकस्तंभ उभारला, कोल्हापूर महापुरातून नुकतं सावरत होतं तेव्हा. इथे लहानाचे मोठे झालेले काही पोलिश आजी-आजोबा त्यासाठी मुद्दाम आले होते. कोल्हापुरात महावीर उद्यानापाशी १९९८चं जुनं स्मारक आहे, आणि ख्रिस्ती दफनभूमीत जे इथेच राहिले त्यांची थडगी. तीही पाहिली. अण्णांनी एका लहान थडग्यावरची पानं बाजूला केली आणि सन वाचलं. मग आम्ही मिसळ खाऊन निघालो.

फोटो पाठवले, सोमवारी उत्तर आलं. बाब्चाने पाटीचा फोटो मोठा करून मागितला होता. आणि एक प्रश्न: गाडीतून उतरल्यावर उजवीकडे चालत गेलं की नदीचा वास यायचा, येतो का अजून? मी तिथे तासभर होतो, आणि वास काही घेतला नाही हो. खरं तेच कळवलं.

रविवारी एमआयडीसीत जेवताना आजीला हे सगळं सांगितलं. फोटोतली पोरगी दाखवली, ती आता किती म्हातारी आहे ते सांगितलं. आजी नुसतं हूं हूं करत होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच हिंमत करून घराचा विषय काढला. आजी, ते नव्या गावठाणातलं घर विकायचं म्हणतायत अण्णा.

“मग इका की,” आजी म्हणाली. “ते सरकारनं दिल्यालं. माजं घर खाली हाय.”

इतकंच! दोन महिन्यांची टोलवाटोलवी आणि उत्तर हे. तिने भाकरी मोडली आणि पुढे म्हणाली, “आन् बुडालं बिडालं म्हनू नका. झाकलंय.”

तिच्या बाजूने सांगायचं तर हे अगदी खोटं नाही. उजनीत एकूण पाणी मावतं ११७ टीएमसी, त्यातला त्रेसष्टच्या वर मृतसाठा. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याच्या खाली जाते, बातम्यांत ‘उजनी मायनसमध्ये’ येतं, आणि पाणी फारच उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं. २०२४च्या उन्हाळ्यात असंच उघडं पडलं होतं. अण्णांनी तिला नेलं होतं. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. ती देवळाकडे गेलीच नाही म्हणे. देवळाकडे पाठ करून पावलं मोजत एका ठिकाणी जाऊन उभी राहिली आणि अण्णांना म्हणाली, चूल.

जेवण झाल्यावर भांडी आवरताना तिने विचारलं, “आरं, त्या गोऱ्या म्हातारीच्या गावावर पानी किती हाय?”

म्हटलं, पाणी नाही आजी. गाव तसंच आहे, घरंबिरं उभी आहेत. फक्त देश दुसरा झाला. आता तिथे दुसरी माणसं राहतात.

“कोरडं हाय?”

“कोरडं आहे.”

“मग जात का न्हाई ती बघायला?”

आता युक्रेनमध्ये २०२२पासून युद्ध चालू आहे, ल्विव्हवरही क्षेपणास्त्रं पडतात, हे तिला कसं सांगावं याचा मी विचार करत होतो. पण तिचं तिनेच ठरवलं होतं. पदराला हात पुसत म्हणाली, “तिला म्हनावं, उन्हाळ्यात जा.”

हा निरोप मी जसाच्या तसा व्रॉत्सवाफला पाठवलाय. फॉर्म अजून भरायचा आहे, शेवटची तारीख बुधवार.